रूळ, जमीन आणि मालक



परवा बाजारातून येताना एका परिचित गृहस्थांनी आम्हांला थांबवले आणि विचारले, "व्याख्यानमालेच्या पत्रिकेत तुमचा विषय वाचला. अहो, रेल्वेने गाड्या चालवाव्यात. जमिनीच्या व्यापाराशी तिचा काय संबंध?" आम्ही त्यांना म्हटले, संध्याकाळी या. ते समोर बसलेले दिसत आहेत. तेव्हा आजचे भाषण आधी त्यांना उत्तर म्हणून आणि मग आपणां सर्वांसाठी.

रुळांना लागते ती जमीन वेगळी आणि कंपनीच्या पदरात पडते ती वेगळी. हे अंतर अतोनात वाढलेला देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. म्हणून आजचा बराचसा वेळ आम्ही तेथेच घालवणार आहोत.

गोष्ट १८५० सालापासून सुरू होते. इलिनॉय प्रांतात उभा लोहमार्ग घालायचा होता. माणूसवस्ती विरळ, भांडवल मिळेना. तेव्हा अमेरिकन सरकारने युक्ती काढली. मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीचे एकेक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, चौकोन पाडले. बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढे आणा : काळी घरे रेल्वेची, पांढरी घरे सरकारची. सरकारी जमिनीचा भाव एकरी सव्वा डॉलर होता. तो रेल्वेलगतच्या पांढऱ्या घरांसाठी अडीच डॉलर केला. अर्धी जमीन द्यायची आणि उरलेल्या अर्धीचा भाव दुप्पट करायचा! वहीत तोटा कोठेच दिसत नाही. इलिनॉय सेंट्रल कंपनीला अशी सुमारे २६ लाख एकर जमीन मिळाली. या कंपनीच्या वकिलांत अब्राहम लिंकन होते, आणि एका मोठ्या दाव्याची पाच हजार डॉलर फी वसूल करण्यासाठी त्यांना याच कंपनीवर फिर्याद करावी लागली होती. असो.

१८६२ साली पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाला, तेव्हा मैलामागे असे दहा चौकोन देण्याचे ठरले. दोनच वर्षांनी ते वीस झाले. म्हणजे एक मैल रूळ टाकला की १२,८०० एकर जमीन. १८७१ पर्यंत हा सपाटा चालला. केंद्र सरकारकडून रेल्वे कंपन्यांना एकंदर सुमारे १३ कोटी एकर जमीन गेली. आजच्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पावणेदोनपट एवढे हे क्षेत्र होते. मोबदला म्हणून सरकारी माल आणि सैन्य सवलतीच्या दराने नेण्याचे बंधन या कंपन्यांवर होते. ते १९४६ साली सुटले.

आता कोणी विचारील, ही जमीन सरकारला तरी कोठून मिळाली? १८६२ च्या कायद्यात तेथील मूळ रहिवाशांचे हक्क नाहीसे करण्याची जबाबदारी सरकारने स्वतःवर घेतल्याचे कलम आहे. दानाच्या पहिल्या ओळीतच देणाऱ्याच्या मालकीचा प्रश्न अडकलेला आहे, आणि पुढचा सगळा हिशेब मांडताना तो विसरून चालणार नाही.

जमीन मिळाली; ती विकायची कोणाला? माणसे आणली पाहिजेत. नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीला तर सुमारे चार कोटी एकरांचे दान होते. तिने युरोपात एजंट धाडले, नकाशे वाटले, शेतकऱ्यांना बोलावले. जर्मन लोकांचे मन वळवावे म्हणून डाकोटातल्या एका नव्या गावाला १८७३ साली बिस्मार्क हे नाव दिले. ते गाव आज नॉर्थ डाकोटाची राजधानी आहे. त्याच वर्षी या कंपनीचे रोखे विकणारी जे कुक यांची पेढी बुडाली आणि देशभर मंदी पसरली. इतकी जमीन पदरी असून कंपनीच्या पेटीत रोकड नव्हती. पिकवणारा आल्याशिवाय जमिनीला भाव येत नाही.

पिकवणारा आल्यावर काय होते, त्याचा दाखला कॅलिफोर्नियातल्या मसल स्लू येथे मिळतो. सदर्न पॅसिफिक कंपनीने पत्रके काढली : या, वसा, जमिनीची किंमत एकरी अडीच डॉलरपासून पुढे राहील, आणि तुम्ही केलेल्या सुधारणांचा भार किमतीवर पडणार नाही. माणसे आली. त्यांनी कालवे खणले, कोरड्या जमिनीला पाणी दिले. मग कंपनीने भाव सांगितले ते सतरापासून चाळीस डॉलरपर्यंत. वसाहतवाले म्हणाले, हा भाव आमच्या घामाचा आहे. कंपनी म्हणाली, आम्ही 'पासून पुढे' असे लिहिले होते. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ११ मे १८८० रोजी जप्तीच्या वेळी गोळीबार होऊन दोन्हीकडची मिळून सात माणसे मेली, आणि पाच वसाहतवाल्यांना तुरुंगवास झाला. जमिनीच्या कागदात 'पासून' हा शब्द आला की चष्मा पुसून घ्यावा.

शेतजमिनी विकल्या, तरी पुष्कळ ठिकाणी कंपन्यांनी पोटातली खनिजे राखून ठेवली. जंगले तर कितीतरी विकलीच नाहीत. शंभर वर्षांनी त्याचा मोठा लाभ झाला. नॉर्दर्न पॅसिफिक १९७० साली बर्लिंग्टन नॉर्दर्नमध्ये विलीन झाली. १९८८ साली त्या कंपनीने तेल, वायू, जंगल आणि जमीन अशी सारी इस्टेट वेगळ्या कंपनीकडे दिली आणि रेल्वे वेगळी काढली. शेअरबाजारात हे शहाणपणाचे ठरले. पण रूळ टाकावेत म्हणून दिलेली जमीन रुळांपासून अशी कायमची सुटली. यात बेकायदा काहीच नाही. आमची तक्रार कायद्याबद्दल नाहीच.

आता गावाकडून शहराकडे येऊ. १९०२ साली न्यूयॉर्कच्या एका बोगद्यात धुरामुळे सिग्नल न दिसून गाड्यांची टक्कर झाली आणि पंधरा माणसे दगावली. शहरात वाफेच्या इंजिनांना बंदी आली. विल्यम विल्गस या इंजिनियराने सुचवले की गाड्या विजेवर चालवा, रूळ जमिनीखाली दोन मजल्यांत घाला, आणि वरची मोकळी हवा भाड्याने द्या. हवा विकण्याची ही कल्पना ऐकून लोक हसले असतील. पण ग्रँड सेंट्रल स्टेशन १९१३ साली उघडले, आणि पार्क अव्हेन्यूवरची मोठमोठी हॉटेले व कचेऱ्या रुळांच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. ही योजना आम्हांला फार आवडते. जमिनीने रेल्वेला पोसले आणि रेल्वेने जमिनीला भाव दिला.

त्याच शहरातली दुसरी गोष्ट उलटी आहे. पेनसिल्व्हानिया कंपनीचे भव्य स्टेशन १९१० साली उघडले. मोटारी आणि विमाने आल्यावर कंपनीला तोटा होऊ लागला. तिने स्टेशनवरच्या हवेचा हक्क दिला. १९६३ साली पाडापाडी सुरू झाली आणि जागेवर मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह उभे राहिले. प्रवासी तळघरात गेले. पुढे गर्दी वाढली, प्रशस्त जागा हवीशी झाली, तेव्हा डोक्यावर क्रीडागृह! अखेर रस्त्यापलीकडच्या जुन्या टपाल कचेरीत नवे दालन बांधावे लागले. ते २०२१ च्या पहिल्या दिवशी उघडले. खर्च सुमारे १६० कोटी डॉलर. विकलेली हवा परत मिळत नाही, शेजारची घ्यावी लागते.

या कंपनीने प्रतिस्पर्ध्याशी १९६८ साली हातमिळवणी केली आणि पेन सेंट्रल झाली. तिच्याजवळ हॉटेले होती, तेलाची नळवाहिनी होती, फ्लोरिडात जमीन होती, करमणुकीच्या बागाही होत्या. रुळांची मात्र दुर्दशा. १९७० च्या जूनमध्ये तिचे दिवाळे वाजले. तोवरच्या अमेरिकेत एवढे मोठे दिवाळे निघाले नव्हते. १९७६ साली मालगाड्यांचा संसार सरकारने उभारलेल्या कॉनरेलकडे गेला, आणि त्या मालमत्तेचा मोबदला म्हणून सरकारने पुढे दोन अब्ज डॉलरांहून अधिक मोजले. १९७८ साली पेन सेंट्रल ही कंपनी पुन्हा उभी राहिली. तिच्यापाशी जमीन होती, नळवाहिनी होती, फक्त रेल्वे नव्हती!

त्याआधीच तिला ग्रँड सेंट्रलच्या डोक्यावर पन्नासाहून अधिक मजल्यांचा मनोरा बांधायचा होता. शहराने स्टेशन वारसा म्हणून जपायचे ठरवले होते. १९७८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. न वापरलेल्या बांधकामाचा हक्क शेजारच्या भूखंडांवर नेण्याची मुभा होती, हेही त्या निकालात गणले गेले. मुंबईकरांना हा हक्क नवा नाही. १९९१ च्या विकास नियमावलीपासून ते त्याला टी. डी. आर. म्हणतात.

जपानात मात्र निराळी रीत दिसते. ओसाकाजवळ इचिझो कोबायाशी यांच्या कंपनीने १९१० साली मार्ग सुरू करतानाच त्याच्या काठची जमीन स्वतः खरेदी केली, घरे बांधली आणि मध्यमवर्गाला हप्त्यांनी विकली. मार्गाच्या एका टोकाला करमणूक आणली, दुसऱ्या टोकाला पुढे मोठे दुकान काढले. घर घेणारा रोज तिकीटही घेई. जमीन विकली तरी गिऱ्हाईक रुळांवरच राहिले.

आपल्याकडे काय झाले? १८४९ साली जी. आय. पी. कंपनीशी करार झाला, तेव्हा सरकारने जमीन फुकट दिली, पण मार्गाच्या कामापुरती आणि ९९ वर्षांसाठी. भांडवलदारांना ओढले ते पाच टक्के व्याजाच्या हमीने. त्या हमीचा बोजा रयतेवर पडला, ती कथा वेगळी. सरकारने १९०० साली कंपनी विकत घेतली आणि १९२५ साली कारभारही. म्हणून आपल्याकडे रेल्वेचा जमीनदार भागधारकांचा झाला नाही. स्टेशनाबाहेरचे पटांगण सार्वजनिक राहिले.

आता त्या पटांगणाला भाव आला आहे. २००५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन रेल्वे भूमी विकास प्राधिकरण नेमले गेले. मोकळ्या जागा मुख्यतः दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्याव्यात, अशी त्याची रीत. विक्रीपेक्षा पट्टा बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण पट्टा वाचताना दोन गोष्टी शोधाव्यात. मिळणारा पैसा फलाटाकडे आणि रुळांकडे येणार की सामान्य खात्यात विरून जाणार? आणि उद्या तिसरी, चौथी लाइन टाकायची झाली, जिना रुंद करायचा झाला, तर जागा राखलेली आहे काय?

आमचे परिचित गृहस्थ घड्याळ पाहत आहेत, तेव्हा एकच हिशेब सांगून थांबतो. काही पट्टे आता ९९ वर्षांचे होतात. १८४९ च्या करारातही तोच आकडा होता. तो करार मुदतभर चालला असता तर १९४८ साली संपला असता. सह्या करणाऱ्यांपैकी कोणीही तेव्हा हयात नसता, आणि जमीन ज्या सरकारकडे परत यायची ते सरकारही उरले नव्हते.