शून्याचा भरवसा काय?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लीहाय विद्यापीठ आहे. ५ एप्रिल १९८६ रोजी तिथल्या वसतिगृहात जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. खुनी तिथलाच विद्यार्थी. बंद असायला हवी ती दारे मुलांनी येण्याजाण्याच्या सोयीसाठी उघडी अडकवून ठेवली होती.

‘इथे आधी काय काय घडले, ते आम्हाला का सांगितले नाही?’ हा आईवडिलांचा प्रश्न. त्यातून १९९० साली कायदा झाला. विद्यार्थ्यांसाठी केंद्राची आर्थिक मदत घेणाऱ्या संस्थेने तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करायचे. विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस असतील तर त्यांची रोजची नोंदवही कोणालाही पाहता आली पाहिजे.

पण हे पोलीस विद्यापीठाच्याच पगारावरचे. संस्थेची अब्रू आणि वहीतला खरेपणा यांत ओढाताण होणारच. म्हणून तपासणारा बाहेरचा हवा. कमी नोंदी आणि पीडितांची हेळसांड यांबद्दल लिबर्टी विद्यापीठाला केंद्रीय शिक्षण खात्याने मार्च २०२४ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर दंड केला.

२०१३ च्या दुरुस्तीने मुलींचा पाठलाग करण्यासारखे प्रकारही मोजणीत आले. कागदावरचे आकडे नवे, दुःख जुनेच. आकडा वाढला, तर कदाचित मुली बोलू लागल्या असतील. मोठ्या विद्यापीठाच्या तक्त्यात शून्य दिसले की मी दचकतो.

मुलीला तिकडे पाठवताना आपण फी विचारतो. हा तक्ताही जरूर पाहावा. त्याला पैसे पडत नाहीत.