न हलणाऱ्या वस्तूचे गणित



वसंत ऋतूतील अशा प्रसन्न संध्याकाळी यंत्रशास्त्रातील घर्षणाचे प्रकरण उघडून बसणे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची कसोटी पाहणे होय, याची मला जाणीव आहे. परंतु हा विषय शाळेच्या पुस्तकात आहे, तसाच तो भिंतीला टेकवलेल्या शिडीवर चढणाऱ्या रंगाऱ्याच्या पायाखालीही आहे. पुस्तकात उत्तर चुकले तर दोन गुण जातात. शिडीवर चुकले तर माणूस खाली येतो.

प्रथम घरातली लोखंडी ट्रंक घेऊ. तिचे वजन 40 किलो धरा. हिशेब सोपा व्हावा म्हणून बलेही किलोंतच मोजू. ट्रंक जमिनीवर पडून आहे आणि तिला कोणी हात लावीत नाही. या क्षणी तिच्यावर जमिनीचे घर्षण किती? विद्यार्थ्याला सूत्र पाठ असते. जमीन ट्रंकेला ज्या बलाने खालून तोलून धरते, ती लंब प्रतिक्रिया; तिला घर्षणगुणांकाने गुणावयाचे. गुणांक 0.5 असेल तर उत्तर आले 20 किलो. पण जरा थांबून पाहा. कोणी ढकलीत नसताना 20 किलोंचे आडवे बल लागले, तर ट्रंक आपण होऊन खोलीभर चालू लागेल! खरे उत्तर शून्य आहे.

आता 5 किलोंच्या जोराने ढकला. ट्रंक हलत नाही. म्हणजे घर्षण बरोबर 5 किलो. जोर 12 केलात तर घर्षणही 12. जोर 20 झाला की घर्षण 20 वर पोहोचते आणि त्याची शक्ती तेथे संपते. त्याहून किंचित अधिक लावा, ट्रंक सरकते. आणि एकदा सरकू लागली की बहुधा पूर्वीपेक्षा कमी जोरात ढकलता येते. तेव्हा सूत्रातून येणारा 20 हा आकडा मर्यादेचा आहे. विहिरीचा दोर 100 किलो पेलू शकतो, म्हणून 15 किलोंची घागर बांधल्यावर त्यात 100 किलोंचा ताण येतो, असे आपण म्हणत नाही. घर्षणाच्या बाबतीत मात्र नेमके तेच म्हणून बसतो.

दुसरे उदाहरण तर याहून गमतीचे आहे. अर्ध्या किलोचे पुस्तक भिंतीवर टेकवून तळहाताने 4 किलोंच्या जोराने दाबून धरा. गुणांक 0.5 असल्यास सूत्र सांगते, घर्षण 2 किलो, तेही वरच्या दिशेने. तसे असते तर पुस्तक भिंतीवरून छताकडे निघाले असते. ते जागच्या जागी राहते, कारण भिंत आणि तळहात मिळून त्याला अर्धा किलोच आधार देतात. जेवढे हवे तेवढेच!

येथे एखादा चौकस मुलगा विचारील, ‘किती हवे, हे जमिनीला कळते कसे?’ प्रश्न उत्तम आहे. आपल्याला सपाट दिसणारे पृष्ठभाग बारकाईने पाहिले तर डोंगराळ असतात, आणि ते एकमेकांना थोड्याशाच उंचवट्यांवर टेकतात. केंब्रिज येथील बाउडन व टेबर यांनी या खऱ्या स्पर्शाचा सखोल अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 1950 साली निघाला. आपण ढकलतो तेव्हा हे चिकटलेले उंचवटे डोळ्यांना न दिसेल इतके वाकतात, आणि स्प्रिंगप्रमाणे उलट रेटतात. जोर वाढला की वाकणे वाढते, तसा रेटाही वाढतो. शेवटी सांधे तुटतात आणि वस्तू घसरते. ही शेवटची मर्यादा दाबाच्या प्रमाणात असते, हे फ्रान्समध्ये आमाँताँ यांनी 1699 साली मांडले होते, आणि कूलाँ यांनी 1781 साली पारितोषिक मिळालेल्या आपल्या निबंधात ते प्रयोगांनी तपासले.

म्हणून रीत अशी. पहिला प्रश्न: वस्तू स्थिर राहायची तर घर्षण किती हवे? हे समतोलाच्या नियमांनी ठरते. सर्व बलांची बेरीज शून्य, आणि त्यांच्या फिरवण्याच्या जोराचीही बेरीज शून्य. दुसरा प्रश्न: तेवढे घर्षण ही जमीन देऊ शकेल काय? सूत्राचे काम येथे, दुसऱ्या प्रश्नात आहे.

या रीतीने शिडीकडे पाहू. शिडी 15 किलोंची, समान अंतरावर 16 पायऱ्यांची, आणि सोळावी अगदी टोकाला. भिंत गुळगुळीत धरू. भिंतीपासून शिडीचा पाया जितका दूर, त्याच्या दुप्पट उंचीवर टोक टेकले आहे. रंगारी 60 किलोंचा. जमिनीची लंब प्रतिक्रिया 75 किलो. तो कोठेही उभा असला तरी ती तेवढीच. गुणांक 0.4 असेल तर घर्षणाची मर्यादा 30 किलो. आता लागणारे घर्षण पाहा. तो आठव्या पायरीवर असताना सुमारे 19 किलो लागते. चौदाव्या पायरीवर नेमके 30. पंधराव्या पायरीवर जवळजवळ 32 हवे, आणि ते जमिनीजवळ नाही. शिडी पायातून सुटते.

यातली भयंकर गोष्ट ही की, चौदा पायऱ्यांपर्यंत शिडी डोळ्यांना दिसेल इतकी तसूभरही हलत नाही. पहिल्या पायरीवरची निश्चलता आणि चौदाव्या पायरीवरची निश्चलता यांत पाहणाऱ्याला काही फरक दिसत नाही. गणिताला तो दिसतो. ‘इतका वेळ हलली नाही, आता काय हलते!’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

उपायही हेच गणित सांगते. उंची पायाच्या अंतराच्या चौपट ठेवा. मग रंगारी टोकावर गेला तरी 17 किलोंहून कमी घर्षण पुरते. किंवा 60 किलोंचा सोबती खालच्या पहिल्या पायरीवर उभा करा. त्याच्यामुळे लागणारे घर्षण टोकाच्या वेळी 34 वरून 36 च्या आत राहते, पण मर्यादा 30 वरून 54 वर जाते. कारागीर खाली माणूस उभा करतात ती नुसती रूढी नव्हे; तिच्यामागे समतोलाचे शास्त्र आहे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे की, मुलांना सूत्र देण्यापूर्वी ट्रंक ढकलायला द्या, पुस्तक भिंतीला दाबून धरायला लावा. आणि आपण सर्वांनी न हलणारी वस्तू पाहिली की मनाशी विचारावे: हिला स्थिर राहायला किती आधार लागतो आहे, आणि शिल्लक किती उरली आहे?