धुराड्यापासून राजमार्गापर्यंत : मोरिस गारँ

सायकल हे गरिबाचे वाहन आहे ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, एके काळी ती श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू होती याचा सहसा विसर पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सायकल स्वस्त होऊ लागली, कारखान्यातील मजुराच्या आवाक्यात आली, आणि त्याबरोबरच एक नवा व्यवसाय जन्माला आला. रस्त्यावरून शेकडो किलोमीटर सायकल चालवून पोट भरणारा माणूस हा त्या काळाने निर्माण केलेला एक नवाच कामगार होय. या व्यवसायाचा पहिला मोठा नायक म्हणून ज्याचे नाव घ्यावे लागते, तो मोरिस गारँ आपल्या आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्याच्या कारकिर्दीत कष्ट, कीर्ती आणि कलंक या तिन्ही गोष्टी अशा काही एकवटल्या आहेत की, तिच्याकडे केवळ एका खेळाडूची गोष्ट म्हणून पाहता येत नाही.

गारँचा जन्म 3 मार्च 1871 रोजी इटलीच्या वायव्य टोकाला, आल्प्स पर्वतातील आओस्ता खोर्‍यात, आर्व्हिए या गावी झाला. या खोर्‍यात फ्रेंच भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, आणि शेतीवर पोट भागत नसल्यामुळे तेथील कुटुंबे सीमा ओलांडून फ्रान्समध्ये जात. गारँचे कुटुंबही असेच गेले. डोंगराळ भागातील अनेक गरीब मुलांप्रमाणे मोरिसच्या वाट्याला धुराडी साफ करण्याचे काम आले. अरुंद धुराड्यात शिरून काजळी खरवडायची, हे बारक्या चणीच्या पोरांचेच काम असे. चीजच्या एका चकतीच्या बदल्यात बापाने त्याला एका मुकादमाच्या हवाली केले, अशी आख्यायिका पुढे प्रसृत झाली. ती खरी असो वा नसो, ज्या परिस्थितीतून ती जन्मली ती परिस्थिती मात्र खरी होती. पुढे तो विजेता झाल्यावरही फ्रेंच वृत्तपत्रे त्याला ‘छोटा धुराडेवाला’ असेच म्हणत राहिली.

उत्तर फ्रान्समधील मोबज या औद्योगिक गावी स्थायिक झाल्यावर त्याने पहिली सायकल घेतली. शर्यतीत उतरण्याच्या सुरुवातीच्या दिवसांतील एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. आव्हेन येथील एक शर्यत फक्त व्यावसायिकांसाठी असल्याने त्याला प्रवेश नाकारण्यात आला. इतर स्वार निघून जाईपर्यंत तो थांबला, मग त्यांच्यामागून निघाला आणि सर्वांना मागे टाकून पहिला आला. आयोजकांनी बक्षीस देण्याचे नाकारले, तेव्हा प्रेक्षकांनीच वर्गणी काढून बक्षिसाहून मोठी रक्कम त्याच्या हाती ठेवली. त्यानंतर गारँ व्यावसायिक झाला.

त्याची उंची जेमतेम एक मीटर बासष्ट सेंटिमीटर होती. पण चिवटपणात त्याची बरोबरी करणारे थोडेच होते. 1895 मध्ये पॅरिस येथील चोवीस तासांच्या शर्यतीत, फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत, त्याने 701 किलोमीटर अंतर कापले. 1896 मध्ये पॅरिस–रुबे ही शर्यत प्रथमच झाली, तिच्यात तो तिसरा आला. 1897 आणि 1898 मध्ये त्याने ती जिंकली. रुबे हे तर त्याचे स्वतःचेच गाव झाले होते. तेथे भावांबरोबर त्याने सायकलींचे दुकान काढले होते. 1901 मध्ये सुमारे 1200 किलोमीटरची पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही शर्यत त्याने 52 तास 11 मिनिटांत जिंकली, आणि 1902 मध्ये बोर्दो–पॅरिस. या सुमारास त्याने फ्रेंच नागरिकत्वही स्वीकारले.

यानंतरची घटना समजून घ्यायची तर थोडे वृत्तपत्रसृष्टीत डोकावले पाहिजे. फ्रान्समध्ये त्या वेळी द्रेफ्यू प्रकरणाने समाज दुभंगला होता. ‘ल व्हेलो’ या क्रीडापत्राचे संपादक पिएर जिफार हे द्रेफ्यूच्या बाजूचे. त्यामुळे चिडलेल्या काही उद्योगपतींनी 1900 मध्ये प्रतिस्पर्धी पत्र काढले. तेच पुढे ‘लोतो’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याचे संपादक आँरी देग्रांज. पत्राचा खप वाढत नव्हता. तेव्हा 1902 च्या नोव्हेंबरात जिओ लफेव्र या तरुण सहकार्‍याने सबंध फ्रान्सला प्रदक्षिणा घालणारी शर्यत भरवण्याची कल्पना मांडली. तूर द फ्रान्स ही जगद्विख्यात स्पर्धा अशा रीतीने एका वृत्तपत्राच्या निकडीतून जन्मास आली.

1 जुलै 1903 रोजी पॅरिसजवळील मोंझरों येथून साठ स्वार निघाले. एकूण अंतर 2428 किलोमीटर होते, आणि टप्पे अवघे सहा. पॅरिस–ल्यों 467 किलोमीटर, नांत–पॅरिस 471. सर्वांत लहान तूलूझ–बोर्दो, तोही 268 किलोमीटरांचा. आजच्या तूरमध्ये एकवीस टप्पे असतात, आणि त्यांपैकी क्वचितच एखादा सव्वादोनशे किलोमीटरांच्या पुढे जातो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या अंतरांची कल्पना येते. रस्ते धुळीचे, सायकली जड, धावता धावता गिअर बदलण्याची सोय नाही. टायर फुटले तर स्वाराने ते स्वतःच दुरुस्त करायचे. टप्प्यांमध्ये विश्रांतीचे दिवस होते, पण टप्पा सुरू झाला की रात्र सायकलवरच काढावी लागे.

पहिला टप्पा गारँने पावणेअठरा तासांत जिंकला, आणि पहिल्या दिवशी मिळवलेली आघाडी त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी इपोलित ओकुतुरिए पोटदुखीने पहिल्याच टप्प्यात गळाला होता. पाचवा व सहावा टप्पाही गारँनेच जिंकला. एकंदर 94 तास 33 मिनिटांत त्याने शर्यत पुरी केली. दुसरा आलेला ल्युसियाँ पोथिए त्याच्यामागे पावणेतीन तासांहून अधिक अंतराने पोहोचला. एवढे मोठे अंतर पुढे कोणत्याही विजेत्याला राखता आलेले नाही. साठांपैकी एकवीसच स्वार अखेरपर्यंत टिकले. गारँला सर्व मिळून 6075 फ्रँक मिळाले. ‘लोतो’चा खप 25 हजारांवरून 65 हजारांवर गेला, आणि ‘ल व्हेलो’ 1904 मध्ये बंद पडले. धुराड्यातून आलेल्या या माणसाच्या पायांवर एक वृत्तपत्र उभे राहिले असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पण यशाबरोबर अनर्थही आला. 1904 च्या तूरमध्ये गावोगावचे लोक आपापल्या स्वाराच्या बाजूने रस्त्यावर उतरले. सेंतेत्येनजवळच्या घाटात रात्री जमावाने स्थानिक स्वाराला वाट करून देऊन मागच्यांवर हल्ला चढवला, त्यात गारँलाही मार बसला. पिस्तुलाच्या गोळ्या झाडून जमाव पांगवावा लागला. नीम येथेही दंगल झाली. रस्त्यावर खिळे पसरले गेले. या सगळ्यातून गारँ पुन्हा पहिला आला. परंतु फ्रेंच सायकल संघटनेने चौकशी करून त्या वर्षाच्या अखेरीस पहिल्या चारही क्रमांकांना बाद ठरवले. त्यांत गारँ, पोथिए, ओकुतुरिए आणि गारँचा धाकटा भाऊ सेझार होते. पाचवा आलेला एकोणीस वर्षांचा आँरी कोर्ने विजेता ठरला. तूरचा सर्वांत तरुण विजेता तोच. गारँवर दोन वर्षांची बंदी आली.

स्वारांनी मोटारींचे साहाय्य घेतले, काहींनी आगगाडीचा आश्रय केला, असे आरोप होते. मात्र कोणावर नेमका कोणता गुन्हा सिद्ध झाला हे संघटनेने जनतेपुढे सविस्तर मांडले नाही. गारँने आपण निर्दोष असल्याचे त्या वेळी ठासून सांगितले; म्हातारपणी त्याने आगगाडीची गोष्ट हसत कबूल केली, असे सांगणारेही लोक होते. येथे निवाडा करण्याचा मोह टाळलेला बरा. एवढे मात्र स्पष्ट दिसते की, सबंध रात्रभर अंधार्‍या रस्त्यांवर धावणार्‍या शर्यतीवर मूठभर पंचांनी देखरेख ठेवणे मुळातच अशक्य होते. जी व्यवस्था नियम करते पण ते पाळले जातात की नाही हे पाहण्याची सोय करीत नाही, ती प्रामाणिकालाही संशयाच्या छायेत उभे करते. ही स्पर्धा तिच्याच यशाने मेली, असे खुद्द देग्रांज यांना वाटले होते. तरीही ती जगली. कारण पुढील वर्षी आयोजकांनी टप्पे लहान केले, रात्रीची धाव टाळली आणि वेळेऐवजी गुणांवर निकाल ठरवला. आज आपण पाहतो ती स्पर्धा गारँच्या विजयाइतकीच त्याच्या पदच्युतीचीही ऋणी आहे.

बंदीनंतर गारँची कारकीर्द जवळजवळ संपलीच. 1911 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसमध्ये उतरला आणि दहावा आला. उरलेले आयुष्य त्याने लांस या खाणकामगारांच्या गावी आपले गॅरेज चालवण्यात घालवले. 1953 मध्ये तूरच्या पन्नाशीनिमित्त जुन्या वीरांचा सत्कार झाला, तेव्हा हा पहिला विजेताही उपस्थित होता. 19 फेब्रुवारी 1957 रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले.

तूरच्या विजेत्यांच्या यादीत 1903 पुढे गारँचे नाव आहे, 1904 पुढे नाही. या दोन ओळींपैकी एकीवरच बोट ठेवून त्याचे मोल करणारे पुष्कळ भेटतात. पण माणसाचे आयुष्य एका ओळीत मावत नाही. ज्या मुलाला समाजाने काजळी खरवडण्यापुरतेच लायक मानले होते, त्याने केवळ आपल्या पायांच्या बळावर एका देशाला स्वतःचे रस्ते नव्या नजरेने पाहायला लावले. त्या रस्त्यांवर तो कधी घसरलाही असेल. पण ज्या वाटेवरून पुढे हजारो कामकर्‍यांची मुले मानाने गेली, ती वाट पाडणार्‍यांत तो अग्रणी होता, हे नाकारता येणार नाही.