दुकानामागची माती झाकायची नाही, बरी करायची

(पाड्यांच्या एकत्र बैठकीत संघटनेच्या कार्यकर्त्याने केलेलं भाषण. ज्या ज्या गावात दुकानामागं रॉकेल-डिझेल साठवतात तिथं उपयोगी पडेल म्हणून छापत आहोत. बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.)



दाव्यांच्या फायलींचं नंतर बोलू. आज आधी रेशन दुकानामागच्या जमिनीचं बोलायचं आहे. पाऊस तीन आठवड्यांवर आलाय, तो काही आपल्या बैठकीसाठी थांबणार नाही.

काय झालंय ते सगळ्यांनी पाहिलंय. दुकानामागं रॉकेलची पिंपं, त्यांना लागूनच चक्कीच्या इंजिनाचं डिझेल, आणि मोटारसायकलवाल्यांना विकायला बाटल्यांत पेट्रोल. एका डिझेलच्या पिंपाचा तळ गंजला आणि ते गळत राहिलं. आता तिथली माती काळी पडलीय, गवत जळालंय. खाली उताराला दीडशे पावलांवर आपला झिरा. त्याच्या पाण्याला अजून वास नाही. म्हणूनच आज बोलतोय. वास आल्यावर बोललो तर उशीर झालेला असेल.

"थेंब थेंब तर गळत होतं," असं कुणी म्हणेल. हिशोब करा. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला दोन ते चार लिटर होतं. २०० लिटरचं पिंप दोन-तीन महिन्यांत जमिनीत जातं.

दुकानदार म्हणतो, चार ट्रॉल्या मुरूम टाकून देतो, घरटी पाच लिटर रॉकेल देतो, तुम्ही 'तक्रार नाही' म्हणून अंगठा द्या. आपल्यातल्या काही जणांना हे पटलंय. मी त्यांना नावं ठेवत नाही. तक्रार केली तर दुकान बंद होईल आणि धान्य डोक्यावर घेऊन घाट चढावा लागेल, ही त्यांची भीती आहे. भीती खोटी नाही. पण दुकान बंद करा असं आपण म्हणतच नाही. आपल्याला दुकानही पाहिजे आणि झिराही पाहिजे. पाच लिटर रॉकेल महिन्याभरात जळून जाईल. झिरा एकदा नासला तर किती पावसाळे जातील, कुणी सांगू शकत नाही.

मुरूम टाकला की तेल नुसतं दिसेनासं होतं. जात कुठंच नाही. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यातून ते खाली उतरतं. मुरमाड जमिनीत तर आणखी लवकर. पाऊस मुरला की पाण्याबरोबर ते उताराकडं सरकतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगतं आणि झिऱ्यावर रंगीबेरंगी तवंग दिसतो. पेट्रोलाचं आणखी वाईट. त्यात बेन्झीन असतं, ते पाण्यात विरघळतं आणि डोळ्याला दिसत नाही. त्यानं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. असं पाणी उकळून, गाळून, तुरटी फिरवून किंवा टीसीएल पावडर टाकून पिण्याजोगं होत नाही. तवंग दिसला किंवा वास आला की तो झिरा पिण्यासाठी सोडायचा. आणि हेही ध्यानात ठेवा: लेकरानं चुकून रॉकेल गिळलं तर त्याला ओकायला लावू नका. ओकताना ते फुप्फुसात जातं. तसंच उचलून दवाखान्यात न्या.

आता कायदा. "जमीन वनखात्याची, तुमचा काय संबंध?" असं विचारतात. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) बघा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, पण ग्रामसभेची शिफारस असेल तरच. दुकानाला जागा देताना ज्या ग्रामसभेला विचारावं लागतं, तिला त्या जागेची माती नासल्यावर विचारायचं नाही, हे कसं चालेल? कलम ५ सांगतं की पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सुरक्षित राहतील हे बघण्याचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला आहे. नियम ४ प्रमाणे राखणीसाठी आपल्यातूनच समिती नेमता येते. ती आजच नेमू.

खर्च कुणाचा? ज्यानं नासवलं त्याचा. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गाव आहे. तिथं रासायनिक कारखान्यांचा गाळ जमिनीत मुरला आणि विहिरींचं पाणी नासलं. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की ज्यानं प्रदूषण केलं त्यानंच साफसफाईचा खर्च द्यायचा. पण निकालानंतरही कोर्टातलं भांडण वर्षानुवर्षं चाललं. म्हणून निकालाची वाट बघत बसायचं नाही. कागद करायचा, आणि मातीचं कामही सुरू करायचं.

काम कसं करायचं ते नीट ऐका.

आधी गळती बंद. सगळी पिंपं उचलून टणक जागी, छपराखाली न्यायची. तिथं विडी, काडी, चूल काही नाही. मग नासलेली माती कुठवर आहे ते शोधायचं. डागाच्या भोवती हात-हात अंतरावर खड्डे घ्या. नाक खुपसून हुंगू नका. काचेच्या बरणीत मूठभर माती, वर पाणी, झाकण लावून हलवा आणि थोडं थांबा. वर तवंग आला तर ती माती नासलेली. नाही आला तिथं खुंटी मारा. उताराच्या बाजूला जास्त खड्डे घ्या.

समजा डाग दहा हात लांब, दहा हात रुंद, दोन हात खोल निघाला. ती माती पावणेसात ब्रास होते, म्हणजे सात ट्रॉल्या. ही माती ना नाल्यात टाकायची, ना शेताच्या बांधावर, ना जाळायची. झिऱ्यापासून लांब, सपाट जागी, पावसाचं पाणी जिथून वाहत नाही तिथं जाड ताडपत्री अंथरायची, चारी बाजूंनी बांध घालायचा आणि माती फूटभर जाडीनं पसरायची. उकरलेली माती फुगते, तेव्हा हजार चौरस फूट जागा धरा.

मातीत बारीक जिवाणू असतात, ते हे तेल खातात. त्यांना हवा, ओल आणि खुराक लागतो. म्हणून कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा मिसळा. युरिया ओतू नका, जास्त झाला तर जिवाणू मरतात. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढी ओल ठेवा. दर आठ-पंधरा दिवसांनी खालवर करा. पाऊस आला की वरूनही ताडपत्री झाका. १९८९ साली अमेरिकेतल्या अलास्कात 'एक्झॉन वाल्डेझ' जहाजातून तेल सांडून किनारे माखले, तेव्हा तिथंही खत टाकून जिवाणूंना जोर दिला होता. सगळं तेल त्यानं गेलं नाही, पण काम हलकं झालं. तिथं थंडी. आपल्याकडं ऊब आहे, शेण आहे, हात आहेत. आपल्याला काही महिने लागतील, कदाचित वर्ष. तोवर त्यावर काही पेरायचं नाही, गुरं सोडायची नाहीत. तवंग येईनासा झाला की त्या मातीत आणि चांगल्या मातीत ज्वारीचे सारखे दाणे टाकून उगवण बघा. शेतात न्यायच्या आधी मात्र प्रयोगशाळेची तपासणी हवीच, ती दुकानदाराच्या पैशानं.

हे आपल्या हातानं होतं ते डिझेल आणि रॉकेलचं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल यात मिसळू देऊ नका, त्यात धातू असतात, ते कुणी जिवाणू खात नाही. आणि खड्डा खणताना खाली पाणी लागलं, त्यावर तेल तरंगताना दिसलं, तर थांबा. ते काम यंत्रानं, जाणकाराच्या देखरेखीखाली व्हायला पाहिजे. ते आपल्या अंगावर घ्यायचं नाही.

माती उचलायला आपली माणसं जातील, पण फुकट नाही. मजुरी, हातमोजे, बूट, ताडपत्री, ट्रॉली हे सगळं दुकानदारानं द्यायचं. पोटुशी बाई आणि लेकरं तिथं नकोत. खड्डा बुजवायच्या आधी पंचनामा, फोटो, तारीख. कोऱ्या कागदावर कुणी अंगठा देऊ नका.

ठराव वाचतो. पटला तर हात वर करा.

एक, मुरूम टाकून माती झाकायला ग्रामसभेची मनाई आहे. दोन, माती काढण्याचं आणि बरी करण्याचं काम पावसाआधी सुरू होईल, खर्च दुकानदाराचा. तीन, राखण समितीत निम्म्या बाया असतील, कारण पाणी त्या भरतात. समिती दर आठवड्याला झिऱ्याचं पाणी बरणीत घेऊन बघेल आणि वहीत लिहील. चार, पिंपांसाठी छपराखाली काठ असलेला सिमेंटचा ओटा बांधायचा, त्यात सर्वात मोठं पिंप फुटलं तरी मावावं, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला किमान २२० लिटरची जागा. पाच, दुकान चालू राहील.

ठरावाची एक प्रत तहसीलला, एक वनखात्याला, एक दुकानदाराला, आणि एक आपल्या दाव्याच्या फायलीत लावायची. पोच घेतल्याशिवाय कुणी परत यायचं नाही. उद्या सकाळी आठ वाजता बरण्या आणि कुदळी घेऊन दुकानामागं भेटू.

जिंदाबाद!