संशय आणि शेजारधर्म
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



करोनाच्या साथीत, २ एप्रिल २०२० रोजी, सरकारने ‘आरोग्य सेतू’ हे मोबाइलवरील ॲप काढले. जवळ आलेले फोन ब्लूटूथने परस्परांची नोंद ठेवीत. पुढे कोणास रोग झाल्यास सहवासातील माणसांना सावध करता येई. हेतू चांगला, तरी पुष्कळजणी कचरल्या. त्यांना अडाणी म्हणणे न्यायाचे नाही. ‘मी कुठे जाते हे कोणाला कळणार?’ हा प्रश्न रास्तच होता. १ मेच्या आदेशाने नोकरदारांवर सक्ती झाली, ती १७ मे रोजी सैल करावी लागली. ॲपची घडण तज्ज्ञांपुढे उघडी झाली ती २६ मे रोजी. आधी सक्ती, मग खुलासा! आणि जिच्याजवळ साधाच फोन, तिला त्याचा उपयोग काय?

पुण्यात १८९७ च्या प्लेगात सोजीर घरांत शिरले, तेव्हा लोकांनी रोगी लपविले. धाकाने रोग हटत नाही, दडतो.

म्हणून पुन्हा असा प्रसंग आल्यास तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: माहिती कोणती, कोणाच्या हाती, आणि पुसणार केव्हा? मात्र आपल्या आजाराची वर्दी शेजारणीस देण्यास ॲप लागत नाही. तेवढे कर्तव्य आपण चुकवू नये.