तपासलेली वही
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘शाळेने मला काय दिलं’. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांविषयी मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्यांचं ऋण आहेच. पण आज मला मराठीच्या वहीविषयी बोलायचं आहे. विषय थोडा बदलते आहे, सांभाळून घ्या.

आपण दहावीला बसलो तेव्हा नंदुरबार हा जिल्हाही नव्हता. आपण धुळे जिल्ह्यातले. १ जुलै १९९८ ला आपला जिल्हा वेगळा झाला, तोवर आपली पांगापांग झाली होती. माझं घर स्टेशनकडच्या वस्तीत. अब्बा मालट्रकवर होते. बिल्टी मराठीत, नाक्यावरच्या पाट्या मराठीत, साहेबाशी बोलायचं मराठीत, म्हणून त्यांनी मला मराठी शाळेत घातलं. एवढंच कारण. घरात आम्ही जे बोलायचो त्याला उर्दू म्हणायचो, पण लखनौच्या माणसाला ते कळलं नसतं. त्यात अर्धी अहिराणी होती.

माझी अम्मी मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. नंदुरबारच्या माणसाला पथारी म्हणजे काय ते सांगायला नको. हिवाळ्यात गावाबाहेर लालच लाल जमीन, आणि त्यात बसलेल्या देठ खुडणाऱ्या बायका. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या हातांची आग होत असायची. लहानपणी मला एक कोडं होतं. इतरांच्या आया मुलांच्या गालावरून हात फिरवायच्या, आमची अम्मी कधी फिरवायची नाही. जवळ घ्यायची, पण हात मागे ठेवून. डोळ्यात काही गेलं तर पदराच्या टोकाने काढायची. बोटांना मिरची होती हे मला फार उशिरा कळलं.

नववीत बाईंनी निबंध दिला, ‘माझी आई’. मी काय लिहिलं ते आजही पाठ आहे. माझी आई पहाटे उठते, दारात सडा घालते, रांगोळी काढते, तुळशीला पाणी घालते. गाइडमधून उतरवलं होतं. दहापैकी आठ मार्क मिळाले, खाली ‘छान’ असा शेरा, आणि तो निबंध वर्गात वाचूनही दाखवला गेला.

माझ्या शेजारी बाकावर माझी मैत्रीण बसायची. तिचं नाव आज घेणार नाही, तसं तिच्याशी ठरलं आहे. तिचीही अम्मी पथारीवर जायची. तिने तेच लिहिलं. मिरची, ठसका, मुकादमाकडे मोजून द्यायची पोती, आणि शुक्रवारी डोक्याला लावलेलं तेल. तिला पाच मार्क मिळाले. जिथे जिथे ‘अम्मी’ होतं तिथे लाल गोल, आणि वर लिहिलेलं, ‘आई’.

मधल्या सुट्टीत तिने मला एकच विचारलं, “तुमच्याकडे तुळस कुठे आहे गं?”

बाई, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तुमचा दोष काढायला मी उभी नाही. परीक्षेत प्रमाण मराठी लागायची, तुम्ही आमचे मार्क जाऊ नयेत म्हणून गोल करत होता. आणि ग्रंथालयाची किल्ली शनिवारी माझ्या हातात देणाऱ्याही तुम्हीच. पण त्या दिवशी मी एक धडा शिकले, तो पुढे पंचवीस वर्षं पुसता आला नाही. लिहायचं म्हणजे आपलं घर बाहेर ठेवून आत जायचं, हा तो धडा. मैत्रीण नववीनंतर शाळेत आली नाही. आमच्या दोघींपैकी लिहिता जिला येत होतं ती गेली, आणि उतरवून काढता जिला येत होतं ती इंजिनिअर झाली.

पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की हे दुखणं एकट्या माझं नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. फातिमा शेख आपल्याला भेटते ती अशी, दुसरीच्या पत्रात. तिने स्वतः लिहिलेलं आपल्या हाती नाही. ती कुरकुरत नव्हती हे कळतं, पण मनात काय होतं ते कसं कळणार?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. इतिहासात आकडा राहिला, सात. त्या सातांत मेहरुन्निसा दलवाई होत्या. त्यांनी पुढे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन दिलं, म्हणून त्या मोर्चामागचं घर आपल्याला दिसतं. नोकरी करून संसार चालवणारी, नवऱ्यावर येणारा राग आणि त्याचं आजारपण दोन्ही झेलणारी बाई दिसते. उर्दू बोलणाऱ्या घरातली ही बाई मराठी पुस्तकातून बोलली.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण. १९८२ मध्ये जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमा पाहायचा नाही असा फतवा निघाला. त्याविरुद्ध रझिया पटेल नावाची तरुण मुलगी उभी राहिली. त्यांचं ‘चाहूल’ हे आत्मकथन मी पुण्याला हॉस्टेलमध्ये वाचलं. जळगाव म्हणजे आपल्या सुरत–भुसावळ लाइनवरचं गाव. आपल्या खान्देशातली, आपल्यासारख्या नावाची मुलगी पुस्तकाच्या पाठीवर असू शकते, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. मराठीत लिहिणारे मुसलमान आहेत हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं, तर कदाचित मी तुळस लिहिली नसती.

अलीकडची गोष्ट तुम्ही बातम्यांत वाचली असेल. २०२५ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. घरची भाषा उर्दू, लेखनाची भाषा कन्नड. आठव्या वर्षी त्यांना कन्नड शाळेत घेतलं ते सहा महिन्यांत लिहिता-वाचता आलं पाहिजे या अटीवर. दीपा भास्ती यांनी इंग्रजी अनुवाद करताना उर्दू, अरबी, कन्नड शब्द तसेच ठेवले, तिरप्या अक्षरांत वेगळे काढले नाहीत. हे वाचलं तेव्हा मला नववीच्या वहीतले लाल गोल आठवले.

गेल्या वर्षी मी ठरवलं, अम्मीची गोष्ट लिहायची. ती आता बहात्तर वर्षांची आहे. माझं कामच संगणकाचं, म्हणून वाटलं, तिला बोलू द्यावं आणि बोललेलं आपोआप लिहून देणारी फोनवरची सोय वापरावी. फोनने आधी विचारलं, भाषा निवडा. मी उर्दू निवडलं, मग हिंदी, मग मराठी. अम्मी म्हणत होती, “सबेरे पथारी पे जाना, मंग दुपारले थोडी भाकर खाना, शाम कू घर.” तिन्ही वेळा पडद्यावर काहीतरी भलतंच उमटलं. पथारीचं तर दर वेळी वेगळंच काही. अम्मी हसून म्हणाली, “तेरी मशीन को मेरी बात नहीं आती.” एका वाक्यात तीन भाषा घेऊन जगलेल्या बाईला यंत्र विचारत होतं, यातली तुझी कोणती? शाळेच्या वहीनेही तेच विचारलं होतं. मी ते सगळं हाताने लिहून काढलं.

मग मी मैत्रिणीला शोधलं. आपल्या या मेळाव्याच्या ग्रुपमुळेच तिचा नंबर मिळाला. सीमेपलीकडे गुजरातेत असते, शिवणकाम करते, दोन मुली आहेत. मी म्हटलं, तू लिही. ती म्हणाली, “मार्क किती देशील?” मग म्हणाली, बोलते, तू लिहून घे. शाळा सुटली त्या दिवसाबद्दल तिने मला बोलून पाठवलं. अकरा मिनिटं.

मी रात्री बसून ते छान लिहिलं. मामाने वह्या-पुस्तकं बांधून ठेवली, ती उंबऱ्यावर बसून रडली, अजान ऐकू येत होती, वगैरे. दुसऱ्या दिवशी तिला फोनवर वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मी रडले नव्हते. तू रडवलंस मला.”

खरंच, तिने रडल्याचं सांगितलंच नव्हतं. तिने सांगितलं होतं की पुस्तकं अर्ध्या किमतीत विकली तर किती येतील याचा तिने हिशेब केला. भूमितीचं पुस्तक फाटलं होतं म्हणून त्याचे कमी धरले. मराठीचं विकलं नाही, गव्हाच्या डब्याखाली ठेवलं. आणि त्या दिवशी तिला सगळ्यात जास्त राग आला होता तो माझा, कारण मी निरोप घ्यायला गेले नाही. हे सगळं मी ऐकलं होतं आणि गाळलं होतं. अजान मी घातली. मुसलमान मुलीची शाळा सुटते म्हणजे असंच काहीतरी असणार, हे माझ्याही डोक्यात बसलं होतं. मी मुसलमान, तिची मैत्रीण, एकाच बाकावरची. तरी मी तिच्या दारात पुन्हा तुळस लावून आले.

एवढंच मला आज सांगायचं आहे. आमच्याविषयी पुष्कळ लिहिलं जातं. कुणी कळवळ्याने लिहितं, कुणी रागाने. बहुतेक वेळा त्यात बुरखा असतो, तलाक असतो. ती दुःखं खोटी नाहीत, त्यावर मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. पण भूमितीच्या फाटक्या पुस्तकाचे किती पैसे धरले, हे दुसरं कुणी लिहिणार नाही. ते तिलाच ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, जिला लिहिता येत नाही तिने काय करायचं? २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत आपला जिल्हा राज्यात सर्वांत खाली होता, तेव्हा प्रश्न बरोबरच आहे. पण उत्तर आपल्या खान्देशातच आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हतं. लेकाने आणि नात्यातल्या माणसाने त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या, १९५२ मध्ये पुस्तक निघालं. त्यात त्यांची बोली पुस्तकी मराठीत फिरवली नाही. फिरवली असती तर बहिणाबाई उरल्या असत्या का?

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या तुकडीतल्या ज्या मुली मध्येच गेल्या, मुसलमान असोत, भिल्ल-पावरा असोत, कुणीही असोत, त्यांना शोधूया. जिला लिहायचं आहे तिला वही देऊ. जिला बोलायचं आहे तिचं उतरवून घेऊ. नियम तीनच. तिचे शब्द बदलायचे नाहीत. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं, आणि ती म्हणेल ते खोडायचं. नाव घालायचं की नाही, छापायचं की नाही, हे तिने ठरवायचं. मूळ बोलणं जपून ठेवायचं काम माझ्याकडे द्या, ते मला जमतं.

मैत्रिणीने तिचा मजकूर आता स्वतः लिहायला घेतला आहे. दोन पानं झाली आहेत. मला अजून दाखवलेली नाहीत.

आणि बाई, मीही नववीचा निबंध पुन्हा लिहिला आहे. सुरुवात अशी आहे: ‘माझी अम्मी मिरची खुडायची. तिने माझ्या गालावरून कधी हात फिरवला नाही, कारण तिला माझी काळजी होती.’ पुढचा मजकूर कार्यक्रम संपल्यावर तुमच्या हातात देते. मार्क द्यायची घाई नाही. शुद्धलेखनाच्या चुका जरूर काढा. फक्त ‘अम्मी’ला गोल करू नका.