कारल्याचा वेल

भाद्रपदी पौर्णिमा आली की वऱ्हाडात घरोघर भुलाबाई बसते. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अनसिंगचा परिसरही त्यास अपवाद नाही. शिवारात सोयाबीन पिवळे पडू लागते, तूर अजून हिरवी असते, आणि तिन्हीसांजेला मुली भुलोबा-भुलाबाईच्या मातीच्या मूर्तींपुढे टिपऱ्या वाजवीत गाणी म्हणतात. कोजागिरीपर्यंत महिनाभर हा क्रम चालतो. त्या गाण्यांत कथा सांगणारे एक गाणे आहे. तिकडे पुणे-साताऱ्याच्या भोंडल्यातही ते तितक्याच आवडीने म्हटले जाते. ते म्हणजे कारल्याच्या वेलाचे गाणे.

कथा अगदी लहान आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू नाही म्हणत नाही. ती एवढेच सांगते की, आधी कारल्याचे बी पेर, मग जा. बी पेरून झाल्यावर वेल वाढू द्यावयाचा, पुढे फूल, पुढे कारले, पुढे त्याची भाजी. तीही जेवून झाली, उष्टी निघाली, की सासू सासऱ्याकडे बोट दाखविते. तेथून दीर, जाऊ, नणंद असे करीत प्रश्न अखेर नवऱ्यापुढे येतो. शेवट मात्र गावोगाव निराळा. कोठे सुनेची वेणीफणी होऊन तिची पाठवणी होते, तर कोठे नवरा काठी उचलतो.

या अटीतील मेख शेतकऱ्याच्या मुलीला सांगावी लागत नाही. कारल्याचे बी पेरल्यापासून पहिले फळ हाती येण्यास सुमारे दोन महिने लागतात, आणि भुलाबाईचा मुक्काम तर एकाच महिन्याचा! खुद्द पार्वती भुलाबाई होऊन माहेरी आली आहे, अशी लोकांची समजूत. तिच्याच पुढे ही माहेराला पारखी झालेली सून उभी राहते. नकाराचा शब्दही न उच्चारता नकार कसा द्यावा, हे या गाण्याइतके नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल.

तरीही गाण्यात सासूला एक दूषण नाही. चाल खेळकर आहे, आणि प्रत्येक कडव्यात एकच शब्द बदलत असल्यामुळे पाच वर्षांची पोरही दुसऱ्या कडव्यापासून साथ देऊ लागते. पुस्तकावाचून हे गाणे टिकले, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मुलींच्या विवाहास 14 वर्षांची मर्यादा घालणारा कायदा 1929 साली झाला. त्यापूर्वी टिपरी धरणाऱ्या कितीतरी मुलींचे लग्न त्याच वयात होऊन जाई. सासरी काय वाढून ठेवले आहे, याची पहिली ओळख त्यांना अशा गाण्यांनीच हसतखेळत करून दिली.

1978 साली ती मर्यादा 18 वर्षांवर गेली. वाटा पक्क्या झाल्या, आईचा आवाज दूरध्वनीवर ऐकू येऊ लागला. परंतु माहेरी जावयाचे म्हटले की आधी अमुक काम, मग तमुक पाहुणे, मग आणखी कोणाची संमती, ही साखळी पुष्कळ घरांतून अद्याप तुटलेली नाही. म्हणूनच या गाण्याला मुली हसतात, आणि मागे बसलेल्या बाया गप्प होतात.

यंदा भुलाबाईपुढे कारल्याचा वेल लागला, तर वडीलधाऱ्यांनी तो शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकावा. आणि घरची सून माहेरी जाऊन किती दिवस झाले, याचा मनाशी हिशेब करावा.